अट: खाटा & खुर्च्या

सोमवार, ४ फेब्रुवारी

सूनबाईने नोकरी सोडली त्याला आता महिना होत आला. तिची कंपनी दुसऱ्या शहरात हलली आणि तिलाही तिकडे येण्याचा आग्रह होता. न जाण्याचे कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "तिथली हवा मला मानवत नाही, आई." ती त्या शहरात आजवर एकदाही गेलेली नाही, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिले. त्यावर तिने "तिथली घरं फार लहान असतात" असे दुसरे कारण पुढे केले. पहिले कारण खोडले जाताच दुसरे काढणारा पक्ष सहसा तिसरे लपवीत असतो. ते तिसरे काय असावे याचा मला अंदाज नाही, आणि तो बांधत बसणे हे माझे काम नव्हे.

चिरंजीवांचा व्यवसाय दातांच्या कवळ्या बनवण्याचा. दात सगळ्याच शहरांत पडतात, त्यामुळे त्यांचे कुठेही भागते. त्यांच्याकडून कारण मिळण्याची आशा नव्हती आणि मिळालेही नाही.

आज बैठकीतले जेवणाचे टेबल खिडकीशी सरकले, त्यावर दोन संगणक चढले आणि सूनबाईचा स्वतंत्र उद्योग सुरू झाला: लहान दुकानदारांना संकेतस्थळे करून देणे. आम्ही आता स्वयंपाकघरात ओट्याशी बसून जेवतो. याविषयी मी अवाक्षरही काढलेले नाही. अवाक्षर काढलेले नाही, हे मात्र मी दोनदा सांगितले.

दुपारी तिने स्वतःच विषय काढला. "आई, तुम्ही आयुष्यभर कॉलेजात जर-तर शिकवलंत. मला थोडे जर-तर लिहून द्याल का?"

तिच्या धंद्यात पानाचा एक साचा असतो. पान एकच, परंतु वाचणारा कोणत्या विभागात आला आहे हे पाहून त्यावरचा मजकूर बदलतो. अमुक असेल तर हे दाखव, नाहीतर ते दाखव. या अटी शब्दांतच लिहायच्या असतात. एका दुपारीत मला त्या लिहिता येऊ लागल्या. तर्कशास्त्र शिकण्यासाठी माझे विद्यार्थी वर्ष घेत आणि तरीही विसरत.

"माझे पद काय?" मी विचारले.

"तपासनीस," चिरंजीव दारातून म्हणाले. "बिनपगारी."

"मानद," मी दुरुस्ती केली.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

पहिल्या ग्राहकाकडे सूनबाईसोबत गेले. घरी रुग्ण असला की लागणाऱ्या वस्तू भाड्याने देणारे दुकान. दर्शनी भिंतीशी चाकांच्या खुर्च्या घडी करून एकीला एक टेकवलेल्या, मागे डोक्याकडची बाजू उचलता येणाऱ्या लोखंडी खाटा, छताला टांगलेल्या कुबड्या आणि सर्वत्र नव्या रबराचा वास. मालकीण साठीच्या, आवाजाने मोठ्या, हाताने त्याहून मोठ्या. आम्ही घरी त्यांना खुर्चीवाल्या बाई म्हणू लागलो आहोत. त्यांनी मला पाहताक्षणी "मास्तरीणबाई" करून टाकले. मी कुठे शिकवीत होते हे सांगितले तर म्हणाल्या, "असेना. बसा त्या खुर्चीत, भाडं नाही लावणार."

त्यांचे नियम स्पष्ट आहेत, आणि स्पष्ट नियमांचा माणूस मला आवडतो. काठ्या, कुबड्या, हवेच्या गाद्या परवा पोहोचतात. खाटा आणि चाकांच्या खुर्च्या मात्र त्याच दिवशी.

"कारण पडलेला माणूस परवापर्यंत जमिनीवर राहत नाही," बाई म्हणाल्या. "त्या पानावर माझा हातातल्या फोनचा नंबर मोठा दिसला पाहिजे आणि 'आजच पोहोचवू' दिसलं पाहिजे. बाकी कुठं दिसता कामा नये, नाहीतर काठीवाले पहाटे उठवतील."

त्या विभागाचे नाव 'खाटा & खुर्च्या'. मधल्या वेटोळ्याऐवजी सरळ 'आणि' लिहावे असे मी सुचवले.

"पाटीवर तेच चिन्ह आहे. पाटी आमच्या ह्यांनी स्वतः रंगवली. लोक मला त्या वेटोळ्यावरून ओळखतात. ते हलणार नाही."

निघताना त्या सूनबाईला म्हणाल्या, "हे बघ पोरी, महिनाअखेरपर्यंत बघते. गिऱ्हाईक आलं तर तू माझी आणि आमच्या भाडेवाल्यांच्या संघात मी तुझं नाव घेईन. नाही आलं तर माझा जुना माणूस बरा. राग मानू नकोस."

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

अटी लिहिल्या. मुख्य अट अशी: जर विभागाचे नाव 'खाटा & खुर्च्या' असेल, तर मोठा नंबर आणि 'आजच पोहोचवू'; नाहीतर 'परवा पोहोचेल'. स्वच्छ, वाचनीय, निर्विवाद.

सूनबाईने वाचून मान तिरकी केली. "आई, ते मधलं चिन्ह जरा नखरेल असतं. आत गेलं की रूप बदलतं. नावाऐवजी विभागाचा क्रमांक धरूया का? विभाग चार, असं?"

मी नकार दिला. 'विभाग चार' हे वाचून कोणाला काय कळणार? अट अशी हवी की वाचणाऱ्याला तिचा हेतू दिसावा. शिवाय कोणतीही वस्तू स्वतःशी एकरूप असते, हा विचाराचा पहिला नियम आहे. तो एका वेटोळ्यासाठी स्थगित करता येत नाही.

ती काही बोलणार तोच तिच्या जुन्या साहेबांचा फोन आला. आत जाता जाता एवढेच म्हणाली, "बरं. पण प्रत्येक पान एकदा उघडून बघाल ना?"

साहेबांनी तिची जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवली आहे, असे नंतर कळले. चिरंजीव ओट्याशी बसून म्हणाले, "हे गिऱ्हाईक टिकलं नाही तर आम्हाला जावंच लागेल, आई. नुसत्या कवळ्यांवर घर चालत नाही."

या प्रश्नात मी पूर्णतः तटस्थ आहे, असे मी सांगितले. एकटीने राहण्यात मला कसलीही अडचण नाही. किंबहुना शांततेत माझे वाचन वाढेल. मी उठून अटी पुन्हा एकदा तपासल्या, केवळ सवय म्हणून.

बुधवार, १३ फेब्रुवारी

संकेतस्थळ आज लोकांसाठी खुले झाले. सूनबाईने विचारले, "सगळं तपासलंत ना?"

"सिद्ध केले आहे," मी म्हणाले.

मी प्रत्येक अटीची सत्यासत्यतेची कोष्टके कागदावर मांडली होती. काठ्यांचे पान उघडूनही पाहिले. 'परवा पोहोचेल' असे अगदी बरोबर दिसले. एक बाजू बरोबर आली म्हणजे दुसरी बाजू येणारच, कारण तिसरा पर्याय नाही. उरलेली पाने उघडणे हा पुराव्यावर पुरावा झाला असता.

सोमवार, १८ फेब्रुवारी

खुर्चीवाल्या बाईंचा फोन. सूनबाई दुसऱ्या दुकानदाराला भेटायला गेली होती, म्हणून मी घेतला.

"मास्तरीणबाई, काठ्या चालल्यात, गाद्या चालल्यात. खाटेसाठी एक माणूस फोन करत नाही. या शहरात माणसं पडायची थांबली काय?"

मी म्हणाले, दोनच शक्यता आहेत: एक तर खाटेची गरज असलेले लोक सध्या नाहीत, किंवा फोन येतो आणि आपल्याला ऐकू येत नाही.

"मला ऐकू येत नाही?"

"ही शक्यता आहे, आरोप नव्हे."

"तुमचं सगळं बोलणं मला ऐकू आलं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला. दुसरी शक्यता त्यामुळे दुबळी झाली, हे मान्य करावे लागेल.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

सूनबाई आज दिवसभर बाहेर. सकाळी ठेवणीतले कपडे घालून निघाली. कुठे ते सांगितले नाही. तिच्या जुन्या कंपनीचे एक अधिकारी सध्या या शहरात आले आहेत, असे चिरंजीवांच्या बोलण्यातून निसटले. मी विचारले नाही.

दुपारी चिरंजीव जेवायला आले. हात धुता धुता त्यांनी आपल्या फोनवर बाईंचे खाटांचे पान उघडले आणि माझ्यापुढे धरले. "आई, हे 'परवा पोहोचेल' म्हणतंय."

"अशक्य."

"अशक्य आहे, पण दिसतंय."

मी चष्मा बदलून पाहिले. वर विभागाचे नाव: खाटा & खुर्च्या. खाली: परवा पोहोचेल. माझी अट उघडली. तिथेही तेच नाव. अक्षर अक्षराशी ताडून पाहिले. काना काना, वेलांटी वेलांटी, वेटोळे वेटोळे. दोन्ही एकच. तरीही यंत्राच्या मते ती एक नव्हती.

"म्हणजे विचाराचा पहिला नियम बंद पडला का?" चिरंजीवांनी विचारले. "दुरुस्तीला कुणाला बोलवायचं?"

नियम बंद पडत नसतात; म्हणून चूक माहितीत असली पाहिजे आणि माहिती बाईंनी भरली होती. नावाच्या शेवटी एखादी रिकामी जागा सुटली आहे का, असे मी त्यांना फोन करून विचारले.

"मी एका बोटानं लिहिते, मास्तरीणबाई. एका बोटाला गडबड करायला दुसरं बोट लागतं."

युक्तिवाद म्हणून हे कच्चे आहे. परंतु नाव तपासले तेव्हा रिकामी जागा खरोखर नव्हती.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

सूनबाईने संगणकाशी बसून फार तर चहा निवेल एवढा वेळ घेतला. मग खुर्ची थोडी सरकवून मला जागा दिली. "हे बघा आई. पानावर दिसतं ते नाही, आत साठवलंय ते."

आत त्या एका वेटोळ्याच्या जागी पाच चिन्हे होती: आधी तेच वेटोळे, मग इंग्रजी ए, एम, पी ही तीन अक्षरे आणि शेवटी अर्धविराम. तिने समजावले ते असे. पानाच्या भाषेत या चिन्हाला आधीच एक काम नेमलेले आहे: 'पुढे काही विशेष येत आहे' अशी वर्दी देणे. त्यामुळे त्याला स्वतः म्हणून यायचे असेल तर वेषांतर करून यावे लागते. लोकांसमोर येताना ते वेष उतरवते. आत असताना तो अंगावरच असतो. माझी अट दारात उभी राहून उघड्या चेहऱ्याच्या माणसाची वाट पाहत होती आणि आतून प्रत्येक वेळी वेषधारी येत होता. अट खोटी, म्हणून 'नाहीतर'. पहिल्या दिवसापासून.

अवतरणचिन्हे, लहान-मोठे दर्शवणारे कोन, यांचीही हीच तऱ्हा आहे म्हणे.

"चूक माझी," ती म्हणाली. "ते पान मी स्वतः उघडून बघायला हवं होतं."

हे विधान असत्य आहे, असे मी सांगितले. अट मी लिहिली, सूचना मी नाकारली, तपासणी मी प्रमाणित केली. तिन्ही क्रियांचा कर्ता एकच आहे. दुसऱ्याची चूक अंगावर घेणे हा सद्गुण नसून वस्तुस्थितीचा विपर्यास आहे.

ती "चहा ठेवते" म्हणून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. चहा एवढा वेळ घेत नाही. बहुधा दूध संपले असावे.

संध्याकाळी मी अटीत वेषधारी रूपच लिहून टाकले. पान उघडले. मोठा नंबर, 'आजच पोहोचवू'. या वेळी डोळ्यांनी पाहिले.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

खुर्चीवाल्या बाई घरी आल्या. बसा म्हटले तर बसल्या नाहीत.

"काल आमच्या मागच्या गल्लीतले आजोबा न्हाणीघरात घसरले. त्यांच्या मुलीनं माझं पान उघडलं, 'परवा' वाचलं आणि दुसरीकडून खाट आणली. मागच्या गल्लीतली पोरगी. भाजी घेताना मला म्हणते, काकू, तुमचं दुकान आता सावकाश झालं का?"

सूनबाईचा चेहरा उतरला. मी म्हणाले की शुक्रवारी ते पान बरोबर चालत होते. मी स्वतः पाहिले.

"शनिवारी मी त्यात एक ओळ वाढवली. 'जिना चढून देऊ'. नावाला हात लावला नाही."

सूनबाईने आत पाहिले. बाईंनी नाव बदलले नव्हते. परंतु पान पुन्हा जतन करताच यंत्राने वेषावर आणखी एक वेष चढवला होता. आता एका वेटोळ्याची नऊ चिन्हे झाली होती. माझी अट एका वेषाची ओळख पटवून उभी होती, आणि आला तो दोन वेष घालून.

"परवा महिना संपतो," बाई म्हणाल्या. मग आवाज थोडा खाली आणला. "पोरी, तू चांगली आहेस. पण माझ्याकडे माणसं पडलेली असतात गं."

युक्तिवाद त्यांच्या बाजूने पूर्ण होता.

संध्याकाळी सूनबाई जुन्या साहेबांशी फोनवर बोलत होती. दार लोटलेले होते. "हो सर, एक तारखेला सांगते. बहुतेक हो." मी पाणी प्यायला उठले होते. पाणी न पिताच परत आले, त्याचे कारण आठवत नाही.

बुधवार, २७ फेब्रुवारी

पहाटेपासून याच प्रश्नाचा विचार केला आणि जे सापडले ते लाजिरवाणे सोपे आहे. नाव आणि ज्याचे ते नाव आहे तो पदार्थ या दोन गोष्टी भिन्न आहेत. हा भेद मी दर वर्षी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहीत असे. नावाचे वेष कितीही बदलोत, विभाग तोच राहतो. अट नावाला विचारीत होती. तिने विभागालाच विचारायला हवे. आणि विभागाची न बदलणारी खूण म्हणजे त्याचा क्रमांक.

सूनबाई उठल्यावर तिला हा सिद्धांत सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकला.

"म्हणजे विभाग चार," ती म्हणाली.

"विभाग चार. मी तिथे वेगळ्या मार्गाने पोहोचले."

"लांबच्या," चिरंजीव कंगवा शोधता शोधता म्हणाले.

दोघींनी मिळून सगळ्या अटी बदलल्या. प्रत्येक अटीशेजारी मी तिचा हेतू साध्या वाक्यात लिहिला, म्हणजे वाचणाऱ्याला कळावे; एवढी माझी मूळ मागणी शिल्लक राहिली. मग एकूण एक पान उघडले. नावात वेटोळे, अवतरणे, कोन घालून पाहिले, पुन्हा पुन्हा जतन केले, ओळी वाढवल्या, काढल्या. सूनबाई म्हणाली, "आई, आता तुम्ही यंत्राला छळताय." मी म्हणाले, परीक्षा आणि छळ यांत फरक असतो. ती म्हणाली, तो विद्यार्थ्यांना विचारा.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

दुरुस्ती झाल्याचे सूनबाईने बाईंना कळवले. "बघू" एवढेच उत्तर आले. 'बघू' या शब्दावर कोणताही निष्कर्ष उभा राहत नाही.

चिरंजीव कामावर गेले नाहीत. घशाचे कारण सांगितले. सूनबाईने टेबलावरच्या वायरी पुसल्या. वायरी पुसतात हे मला माहीत नव्हते.

मी आत जाऊन दार लावले, माझ्या फोनवर बाईंचे संकेतस्थळ उघडले, एखाद्या अनोळखी ग्राहकासारखी खाटा & खुर्च्यांच्या पानावर गेले आणि दिसलेल्या मोठ्या नंबरवर फोन केला. हेतू शुद्ध प्रायोगिक होता.

"चाकाची खुर्ची हवी. आज."

"कुणासाठी?"

"ग्राहकाने कारण सांगावे अशी अट संकेतस्थळावर नाही."

"मास्तरीणबाई?"

"पत्ता लिहून घ्यावा," मी म्हणाले.

ऊन उतरायच्या आत दार वाजले. बाई स्वतः, धापा टाकीत, खुर्ची जिन्यावरून उचलून आणलेली. सूनबाई दार उघडून थक्क. "आई, तुम्हाला काय झालं?" तिने विचारले, आणि तिचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता तसा होता. चिरंजीव आतून धावत आले. घसा बरा होता.

"यांना काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "या मला तपासायला निघाल्यात." मग खुर्ची उघडून स्वतःच तीत बसल्या. "सकाळपासून तीन फोन. एक खाट, दोन खुर्च्या. ही तिसरी खुर्ची. यांच्यापायी एका खऱ्या माणसाला मी तासभर थांबवलं."

तो माझा हिशोब चुकला होता आणि मी तसे म्हणाले. खुर्ची ताबडतोब परत न्यावी, असेही.

"नेते. पाणी तरी द्या." पाणी पिऊन त्या सूनबाईकडे वळल्या. "उद्या संघाच्या बैठकीला ये माझ्याबरोबर. तुझं नाव घालते. यांनाही आण. या तिथं दोन वाक्यं बोलल्या तर आमचे लोक काय सांगशील ते कबूल करतील, नुसतं सुटका व्हावी म्हणून."

चिरंजीवांनी खुर्ची खाली पोहोचवली. परत येताना ते जिन्यात शीळ घालत होते.

शुक्रवार, १ मार्च

संघाच्या बैठकीत सूनबाईला आणखी दोन दुकानांचे काम मिळाले. मी दोनच वाक्ये बोलले. तिसरे वाक्य सुरू करताच अध्यक्षांनी मंजुरी जाहीर केली.

घरी परतल्यावर तिने जुन्या साहेबांना फोन केला, या वेळी माझ्यासमोरच. "नाही सर. इथेच काम खूप आहे." तिने फोन ठेवला आणि लगेच दुसऱ्या कामाला लागली, जणू काही ठरवण्यासारखे त्यात नव्हतेच.

येथे एक गोष्ट नोंदवणे मला भाग आहे. चिरंजीवांचे मूळ विधान असे होते: गिऱ्हाईक टिकले नाही तर जावे लागेल. गिऱ्हाईक टिकले. यावरून ते जाणार नाहीत, असे सिद्ध होत नाही. अटीचा पूर्वभाग खोटा ठरला म्हणून उत्तरभागही खोटा ठरतो, असे मानणे हा जुना दोष आहे; या एका चुकीसाठी मी कित्येक उत्तरपत्रिकांवर लाल रेघ मारली आहे. गिऱ्हाईक टिकूनही माणसे इतर हजार कारणांनी जाऊ शकतात.

आज संध्याकाळी हे मी सूनबाईला समजावून सांगितले. ती पडद्यावरून नजर न काढता ऐकत होती.

"म्हणजे आम्ही राहतोय हे चूक आहे?"

"तो निष्कर्ष काढण्याची पद्धत चूक आहे."

"मग काय करू? जाऊ?"

"निष्कर्षाला माझी हरकत नाही," मी म्हणाले.

तिने तोंड फिरवले. खांदे हलत होते. हसत असावी. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून घेतली आणि नव्या दुकानाची पहिली अट वाचायला मागितली.